हर्षालीच्या सत्काराचा फ्लेक्स

बसा सोपानराव. धारा काढून झाल्या, म्हशींना वैरण पडली, आता तुमाला काय घाई न्हाई. ही घ्या तंबाखू, चुना बी हाय. एक गोष्ट सांगायला आलोय, ती ऐका. गोड न्हाई हां. ऐकता ऐकता डोकं तापंल. माझं तर कवाचंच तापलंय, घरात ठकुबाईनं च्या पुढ्यात ठेवला तरी कपाळाला आठ्या असत्यात. मधी उठायचं न्हाई. आन् वर बघायचं न्हाई, माझ्या तोंडाकडं बघायचं.

गोष्टीत तुमचा पुतण्या हाय, धनेश. आता धनेशशेठ म्हणत्यात. "गेनबा, आमच्या पोराला काय बोलू नको" असं मधीच म्हणाल, तर ते चालायचं न्हाई. आधी समदं ऐका, मग शिव्या द्या. मला द्या न्हाईतर त्याला द्या, तुमची मर्जी.

ही गोष्ट हर्षालीची. लातूरकडची पोरगी, अहमदपूरच्या अलीकडं कुठंतरी गाव. नर्सचा कोर्स केलेली. नवरा ज्ञानेश चाकणला कंपनीत, कंत्राटावर. दोघं मोशीत एका खोलीत राहत्यात. आमची ठकुबाई धनेशकडंच आया म्हणून कामाला जाती, तिथं दोघींची गाठ पडली. एकीचं बोलणं चाकणचं, दुसरीचं लातूरचं, पण एका डब्यात जेवायला बसल्या की बहिणी वाटत्यात. जे ठकुबाईनं बघितलं आन् हर्षालीनं तिला सांगितलं, तेच माझ्याकडं आलंय. पदरचं मी काय घालत न्हाई. शिव्या तेवढ्या माझ्या.

तुमाला वाटतं पुतण्यानं दवाखाना काढला. दवाखाना कुठला राव! भोसरीत एक गाळा हाय, दोन टेबलं, एक एसी आन् देवाचा मोठ्ठा फोटो. धंदा काय, तर नर्स पाठवायच्या. कुणाच्या घरी म्हातारं अंथरुणाला खिळलं, कुठल्या कंपनीत फर्स्ट एडच्या खोलीत माणूस कमी पडलं, कुठल्या बारक्या दवाखान्यात नर्स पळून गेली, की धनेशला फोन. त्यो हर्षालीला फोन करतो. पार्टी जे पैसे मोजती, त्यातलं निम्मं त्या गाळ्यातच राहतं. उरलं ते बाईच्या हातात. गाळ्यातनं फोन उचलायचे निम्मे, आन् माणसाचं हगणं-मुतणं काढायचे निम्मे. असा हिशेब कुठल्या शाळेत शिकवत्यात मला ठाव न्हाई, मी चौथीपतुर गेलोय.

बरं, फिरती म्हंजे कशी फिरती, तेबी ऐका. वाकडला एका टॉवरात लकवा झालेला म्हातारा होता. हर्षाली तिथं चोवीस तासांच्या ड्युटीवर. नळीनं जेवण द्यायचं, कुशीवर वळवायचं, पाठीला जखम व्हू द्यायची न्हाई. त्या घरात तिचा कप वेगळा, बसायला स्टूल वेगळं. म्हाताऱ्याची सून कुत्र्याला "बेटा" म्हणायची आन् हिला "ए सिस्टर". चालायचं. पण म्हाताऱ्याला हिच्याबिगर चैन पडत नव्हतं. एक दिवस सकाळी नाष्ट्याच्या वक्ताला म्हातारा गेला. घरची माणसं हॉलमधी फोन लावत बसली. हर्षालीनं नळ्या काढल्या, अंग पुसलं, धुतलेलं धोतर नेसवलं, तोंडात तुळशीचं पान ठेवलं. तिरडी उठंपतुर थांबली. महिन्याचा पगार आला तवा त्या दिवसाचा निम्माच. ऑफिसातल्या पोराला विचारलं, तर त्यो काय म्हणतो?

"मॅडम, पेशंट एक्स्पायर झाला त्या टायमाला ड्युटी क्लोज होते. सिस्टीम आहे."

म्हंजे जित्या माणसाचं अंग पुसलं त्याचे पैसे, मेलेल्याचं पुसलं ते फुकट. अहो, मसणात लाकडं रचणारा बी आपले पैसे वाजवून घेतो!

आन् म्हातारा गेला म्हणून एक दिवस रडायची तरी सोय हाय का? दुसऱ्या सकाळी फोन. चाकणला कंपनीत जा. बसचं भाडं तिचं. चौकात कंटेनर आडवा झाला, बस जागची हालंना, ही खाली उतरून पिशवी घेऊन चालत सुटली. पोचली, पण उशीर. अर्धा दिवस कापला. त्याच दिवशी पत्रा दाबायच्या प्रेसवर एका पोराचं बोट गेलं. हर्षालीनं ते बोट पिशवीत घातलं, ती पिशवी बर्फात ठेवली, आन् दुसऱ्या हातानं पोराचा दंड दाबून धरून अँब्युलन्समधी बसली. बोट जोडलं गेलं त्याचं. हिची शिफ्ट कवाच संपली होती. ओव्हरटाइम मागितला, तर म्हणले अँब्युलन्समधी बसलात तवा तुमी कंपनीच्या बाहेर होता.

तरी बाई कधी तोंड वर करून बोलली न्हाई. ठकुबाई म्हणायची, "आगं, भांड की त्याच्यासंगं." ही म्हणायची, "मावशी, कामच तर आहे. आज ना उद्या बघतील." कोण बघतील? देव? त्यो तर फोटोत एसीखाली बसलाय.

आता गळ्यातल्या पट्टीचं ऐका, खरी गोम तिथं हाय. कामावर जाताना ह्या बायकांच्या गळ्यात ओळखपत्र असतं, पट्टीला लटकवलेलं. पट्टी कधी हिरवी, कधी लाल. हिरव्या पट्टीवर "धनेश नर्सिंग सर्व्हिसेस". लाल पट्टीवर "विजयश्री हेल्थकेअर". विजयश्री म्हंजे तुमची सूनबाईच, धनेशची बायको. गाळा एकच, टेबल एकच, फोन एकच. चार-सहा म्हैने झाले की फोन यायचा, "ताई, पट्टी बदलून न्या." जुनी द्यायची, नवी घ्यायची, एक सही ठोकायची. बायका हसायच्या. कुणी म्हणायचं, शेठनं दसऱ्याला गाडीची सीटकव्हरं बदलल्यासारख्या आपल्या पट्ट्या बदलायला घेतल्या. हर्षालीला लाल पट्टी आवडायची, पांढऱ्या ॲप्रनवर उठून दिसती म्हणून. काय सांगू तुमाला. गळ्याला फास लावत होते, आन् पोरगी रंग बघत होती.

मे महिन्यात नर्स लोकांचा एक दिवस असतो. धनेशच्या डोक्यात तवा तिकिटाचं वारं शिरलेलं. नगरसेवक व्हायचं म्हंजे आधी चौकात झळकायला पायजे. त्यानं सत्कार ठेवला. सगळ्यात जुनी नर्स कोण? हर्षाली. मग काय, मोशीच्या रस्त्याला फ्लेक्स लागला. तुमी तर बघितलाच आसंल, आमच्या दोन खोल्यांएवढा होता. डाव्या बाजूला धनेश, हात जोडलेला, गॉगल लावलेला. दवाखान्याच्या फ्लेक्सवर गॉगल कशाला घालायचा, ते त्यालाच ठाव. त्याच्या शेजारी विजयश्री. खाली पोस्टाच्या तिकिटाएवढी त्याच्या दोस्तांची मुंडकी. आन् मधोमध पांढऱ्या ॲप्रनात हर्षाली. तिच्या डोक्यावर ही मोठी अक्षरं: "आमच्या परिवारात पाच वर्षे अखंड सेवा देणाऱ्या भगिनी हर्षालीताई यांचा जाहीर सत्कार". आन् पार खालच्या कोपऱ्यात छापणाऱ्याचं नाव आन् महापालिकेच्या परवानगीचा नंबर. हे खालचं ध्यानात ठेवा.

ज्ञानेशनं बायकोला गाडीवर बसवून मुद्दाम त्या चौकातनं दोनदा फिरवलं. गावाकडं आईला फोटो पाठवला. आई रडली म्हणं. कार्यक्रमाला शाल, नारळ आन् प्लॅस्टिकची ट्रॉफी. धनेश माईकवर बोलला, "हर्षालीताई म्हणजे माझी सख्खी बहीण. पाच वर्षांत हिनं एक दिवस खाडा केला नाही!" टाळ्या पडल्या. ठकुबाई पुढंच बसली होती, तिनं बी वाजवल्या. आता म्हणती, हात मोडले आसते तर बरं झालं आसतं.

कार्यक्रम झाला, फ्लेक्स उतरला, लोक इसरले.

दिवाळीच्या मागं-पुढं हर्षालीला सातवा लागला. लग्नानंतर लई वर्सांनी राहिलेलं. आधीचं एक गेलेलं, तवा ती भोसरीत एका दवाखान्यात उभ्यानं ड्युटी करत होती. या बारीला डॉक्टरनं सांगितलं, बिपी वाढतंय, आता काम बंद, पडून राहायचं. पडून राहायचं म्हंजे पगार बंद. ज्ञानेशच्या कंत्राटात खोलीचं भाडं निघतं, वरचं न्हाई. पण तिला ठाव होतं की बाळंतपणाला पगारी रजा असती. ती काय भीक न्हाई, कायदा हाय. तिनं मनाशी ठरवलं, हे एकच मागायचं. बसच्या भाड्याचं, ओव्हरटाइमचं, मड्याच्या अंगाचं, समदं सोडून द्यायचं. हे एवढं पोरासाठी घ्यायचं.

ठकुबाईला घेऊन ती गाळ्यावर गेली. धनेश खुर्चीत, मोबाइलवर कुणाशीतरी जमिनीचं बोलत होता. बोलणं झालं तवा म्हणला, "बोल ताई, काय म्हणतोय आमचा भाचा?"

"शेठ, डॉक्टरनं आराम सांगितलाय. मला बाळंतपणाची पगारी रजा पाहिजे."

"घे की आराम. जागा ठेवतो तुझी. झालं की ये परत."

"आराम नाही शेठ. पगारी रजा मागायलेय मी."

धनेश हसला. म्हणला, "ताई, त्याला नोकरी जुनी लागती. तू तर आत्ता लागलीस. लाल पट्टी कधी घातली? गेल्या महिन्यात ना?"

"काय बोलायलात शेठ? पाच वर्षं झाली मला!"

"कुणाकडं? हिरव्या पट्टीची नोकरी तू सोडलीस, सही हाय तुझी. मग विजयश्रीकडं नवीन लागलीस. मग ती सोडलीस, माझ्याकडं नवीन. दर बारीला नवीन. आता नवीन बाईला पहिल्याच महिन्यात पगारी रजा द्यायला लागलो, तर मी दुकान बंद करून कटोरा घ्यायचा का?"

हर्षालीला आधी कळलंच न्हाई. मग एकेक पट्टी डोळ्यापुढनं गेली. हिरवी, लाल, हिरवी, लाल. खुर्चीचा हात धरून ती उभी राहिली. म्हणली, "आणि दर महिन्याला विम्याच्या नावानं कापायलात ते?"

"ते प्रोसेसमध्ये हाय."

तेवढ्यात विजयश्री आली, गाडीतनं उतरून. तिला समदं कळलं, पण दाखवलं न्हाई. "अगंबाई, सातवा का? आणि अशी रिकामी जाणार माझ्या दारातून?" म्हणत तिनं देवापुढचा नारळ उचलला, कपाटातनं एक ब्लाऊजपीस काढला, मूठभर तांदूळ घेतले. "ओढणी पुढं कर. ओटी भरते."

आता सांगा, पोटुशी बाई ओटीला न्हाई कशी म्हणंल? तिच्या आईनं हेच शिकवलेलं, भरली ओटी नाकारायची न्हाई. हर्षालीनं ओढणी पुढं धरली. नारळ पडला, तांदूळ पडले. विजयश्रीनं कुंकू लावलं आन् म्हणली, "मुलगा होईल बघ. पैशाचं काय घेऊन बसलीस, बाळ महत्त्वाचं."

बाहेर आल्यावर ती रस्त्यावरच थांबली. ठकुबाई म्हणली, "रडू नको पोरी." ती रडत नव्हतीच. तिचं तोंड लाल झालेलं, दात दाबलेले. म्हणली, "मावशी, ह्या घरचं बाळंतपण मी केलंय."

केलंच होतं. तुमच्या नातीचं, सोपानराव, धनेशच्या लेकीचं. संस्कृतीचं. तुमी बाळ बघायला गेला होता, तवा तुमच्या हातात पोर कुणी दिलं होतं? आठवा. तीच ती. सवा महिना धनेशच्या बंगल्यात होती हर्षाली. पोराला तेल लावलं, आईला शेक दिला, रात्रीची जागली. संस्कृतीला ताप चढला तवा दूध उतरंना, तर पोराला मांडीवर घेऊन चमच्यानं पाजलं. त्या सवा महिन्याचा पगार? "घरचंच काम आहे, ताई." एक साडी दिली. फॉल बी न लावता.

त्या दिवसापासनं हर्षाली बदलली. घरी गेली, तांदूळ चिमण्यांना टाकले, नारळ तसाच पिशवीत ठेवला, आन् ज्ञानेशला म्हणली, मी कामगार ऑफिसात जाणार. त्यो बिचारा भ्यालेला. "अगं, माझी पण नोकरी कंत्राटी आहे, शेठची ओळख सगळीकडं..." ती म्हणली, "तू घाबर. मी माझं बघते. पोटात हाय तोवर त्याचं मीच बघायचंय." गेला मग त्यो बी, मान खाली घालून का होईना, सोबत गेला.

अर्ज केला त्याच आठवड्यात तिची ड्युटी बंद. बाकी बायकांना गाळ्यातनं फोन: हर्षालीशी बोलाल तर पट्टी जमा करा. पट्टीच जमा करा म्हणं! आमच्या ठकुबाईनं तिची पट्टी त्याच्या टेबलावर फेकली आन् आली घरी. मला म्हणली, "आता तुमच्या पेन्शनीत भागवा." मी म्हणलो, भागवू.

तारीख लागली. तिथला साहेब मध्यमवयाचा माणूस, चेहऱ्यावर झोप न झालेली, पण बोलायला सरळ. धनेश वकील घेऊन आलेला. वकील म्हणला, "ही बाई एक महिन्याची कर्मचारी आहे." हर्षालीनं मोबाइल पुढं केला, त्यात फ्लेक्सचा फोटो. "पाच वर्षे अखंड सेवा. हे ह्यांनीच लावलं होतं साहेब, चौकात."

वकिलानं मोबाइल हातात बी घेतला न्हाई. "साहेब, आजकाल मोबाइलवर काय वाटेल ते बनवता येतं. लहान पोरंसुद्धा बनवतात. हा फोटो बनावट आहे. असा फ्लेक्स आमच्या अशिलानं कधी छापलाच नाही."

साहेबानं धनेशकडं बघितलं. "छापला होता?"

"न्हाई साहेब," धनेश म्हणला. डोळ्याला डोळा लावून म्हणला. गॉगल नव्हता तवा.

हर्षाली उठली. पोट सावरत उठली. ज्ञानेशनं हात धरला, तिनं त्यो झटकला. म्हणली, "शेठ, तुमच्या संस्कृतीचा लेक माझ्या ह्या हातात पहिल्यांदा हसला. तेव्हा माझ्या गळ्यात कुठली पट्टी होती? सांगा ना! हिरवी का लाल? का तेव्हा पण मी नवीनच लागले होते?"

धनेश खाली बघत मोबाइल चोळायला लागला. वकील म्हणला, "साहेब, हे विषयाला सोडून आहे."

साहेबानं पेन खाली ठेवलं. मग हर्षालीला म्हणला, "बाई, बसा. मला तुमचं कळतंय. पण मोबाइलवरचा फोटो ते नाकारतायत, आणि छापणारा ह्यांचाच मित्र म्हणता, तो बोलणार नाही. मूळ फ्लेक्स आणा. त्यावर छापणाऱ्याचं नाव असतं, परवानगीचा नंबर असतो, फोटोत तो वाचता येत नाही. तो मी महापालिकेत पडताळून घेतो. आणि तो कुठं मिळाला, ते सांगणारं एक माणूस आणा. येत्या सोमवारी. मग बघू कोण नवीन आणि कोण जुनं."

आता फ्लेक्स शोधायचा कुठं? उतरलेला फ्लेक्स म्हंजे काय, आपल्याला का ठाव न्हाई? उतरला की माणसं पळवत्यात. कुणी कांद्यावर टाकतं, कुणी टेम्पोवर, कुणी पत्र्याखाली. आठवा लागलेली बाई, पाय सुजलेले, पडून राहायला सांगितलेलं, आन् ती ठकुबाईबरोबर मोशी-चऱ्होली पालथी घालायला निघाली. मी म्हणलो रिक्षा करू. रिक्षावाल्याला बी आता ती गोष्ट पाठ झालीय.

मोशीच्या भाजी मार्केटात कांद्याच्या ढिगावरचा फ्लेक्स वर उचलून ही खालनं वाकून बघायची. आत कुणाचा तरी दशक्रिया विधी. पुढच्या ढिगावर कुठल्या दादाचा वाढदिवस. एका टपरीवर दहावीत पहिली आलेली क्लासची पोरं. एक कांदेवाला खवळला, "ओ ताई, कांदे घ्यायचेत का नेते बघायचेत?" ठकुबाई म्हणली, "मेल्या, तुझ्या कांद्याला कोण हात लावतंय, खाली काय हाय ते बघू दे." त्यो म्हणला, "खाली पण कांदेच हायेत मावशी." हर्षाली तवा हसली. लई दिसांनी हसली म्हणं. मग तिथंच पोत्यावर टेकली आन् पोटाला हात लावून म्हणली, "मावशी, राहू द्या. नाही मिळणार."

ठकुबाईनं तिला घरी सोडलं. येताना वाटंत ती तुमच्याकडं दूध घ्यायला आली. परवा संध्याकाळी. तुमी मळ्यात गेल्ता. तुमच्या घरच्या, सुमनताई, दूध मापत होत्या. ठकुबाई म्हशीपाशी उभी, सहज मान वर केली.

आता बघा वर, सोपानराव. आता बघितलं तर चालंल.

दिसतंय का? म्हशीच्या डोक्यावर, त्या वाश्याच्या अंगाला. धुरानं काळं पडलंय जरा, पण तोंड कळतंय. हीच ती हर्षाली. तुमच्या म्हशी मे महिन्यापासनं तिच्या सावलीला बसल्यात. आन् तो गॉगल, त्याच्यावर शेण उडालंय, पण गॉगल तुमच्या पुतण्याचाच. सुमनताईंनी ठकुबाईला सांगितलं, कार्यक्रम झाला त्या रातीच धनेशच्या पोरांनी आणून दिला, "काकांच्या गोठ्यावर टाका" म्हणून. धनेश आता इसरलाय. आपणच काकाला दिलेलं कशाला ध्यानात राहतंय?

ठकुबाई तर म्हणत होती, दोऱ्या कापायच्या आन् गुंडाळून न्यायचा, तुमी मळ्यातनं यायच्या आत. तिचा विळा बी काढून झालेला. हर्षालीनं न्हाई म्हणून सांगितलं. फोनवर काय म्हणली, ते मी तिच्याच शब्दात सांगतो: "मावशी, चोरून नको. पाच वर्षं त्यांनी माझं चोरलंय, मी एकदा बी चोरणार नाही. मागून आणा. आणि ज्यांच्याकडून आणाल, त्यांनी साहेबापुढं सांगायला पाहिजे कुठनं आला ते. नाहीतर ते म्हणतील आम्हीच छापला."

ती तिकडं बांधापाशी रिक्षात बसलीय. आत यायला लाजती. तुमच्या पणतवाला तिनं तेल लावलंय आन् तुमच्या दारात यायला ती लाजती, बघा जरा ही तऱ्हा. ज्यानं लाजायचं, त्यो गॉगल लावून फिरतोय.

मला कळतंय, पुतण्या हाय. सख्ख्या भावाचा लेक. घरात भांडण व्हईल, भाऊबंद तोंड फिरवतील, पुढच्या लग्नात तुमच्या पानात वाढायला कुणी येणार न्हाई. हे समदं मी ठकुबाईशी बोलूनच आलोय. पण तुमी मला सांगा, मड्याचं अंग पुसणारीला निम्मा पगार देणारा, बाळंतिणीला ओटी देऊन गप करणारा, आन् साहेबापुढं डोळ्याला डोळा लावून न्हाई म्हणणारा, त्याच्या पंगतीत तुमाला घास तरी कसा उतरंल?

मी नवी ताडपत्री आणलीय, गाडीवर बांधून. जाड हाय, म्हशी कोरड्या राहत्याल. शिडी तुमी धरा, मी चढतो, माझा गुडघा काय आजच दुखत न्हाई. फ्लेक्स जपून सोडवू, खालचा कोपरा फाटायला नको, तिथंच ते नाव हाय. आन् सोमवारी सकाळी सदरा बदलून माझ्याबरोबर या, सोपानराव. साहेबापुढं उभं राहून एवढंच सांगा, की हा माझ्या गोठ्यावर होता, आन् माझ्या पुतण्यानंच दिला होता. येता का?